आमदार-खासदारांना पत्र लिहिताना: पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात आलेल्या टपालाचं पुढे काय होतं, हे एकदा कळलं की पत्र कसं लिहायचं हे निम्मं तिथेच उमगतं. पत्र आधी पीए उघडतो. आवक नोंदवहीत त्याची नोंद होते, विषय वाचला जातो आणि तिथेच ठरतं की हे पत्र आमदारांसमोर ठेवायचं, संबंधित अधिकाऱ्याकडे पाठवायचं की फाइलला लावायचं. कामाची बहुतेक पत्रं अधिकाऱ्याकडे जातात. पीए तुमचं पत्र शेजारी ठेवतो आणि कार्यकारी अभियंत्याला किंवा तहसीलदाराला उद्देशून लेटरहेडवर आठ-दहा ओळी टाइप करतो. त्याखाली आमदारांची सही होते, जावक क्रमांक पडतो आणि ते पत्र सरकारी दप्तरात जातं.

काम होतं ते त्या दुसऱ्या पत्राने. म्हणून लिहिताना एकच गोष्ट डोक्यात ठेवावी: आपल्या पत्रातून ते दुसरं पत्र विनासायास तयार झालं पाहिजे. कुणाला लिहायचं, काय मागायचं, कशाच्या आधारावर आणि कुठल्या गावासाठी, हे सगळं पीएला शोधावं न लागता मिळालं पाहिजे. मी काही काळ अशा एका कार्यालयात टपाल पाहिलं आहे. चार-चार पानी, मनापासून लिहिलेली, वाचताना घशात आवंढा यावा अशी पत्रं येत, आणि त्यात कधी गावाचं नाव नसे, कधी फोन नंबर नसे, कधी नेमकं काय हवंय तेच नसे. त्या माणसांचं दुःख खरं होतं. पण त्या कागदावरून कुणाला काय लिहायचं हे कळत नव्हतं, म्हणून ती पत्रं पडून राहिली. याचं मला आजही वाईट वाटतं, आणि हा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

पहिलं काम: पत्र कुणाला?

तुमच्या एका पत्त्यावर बरेच लोकप्रतिनिधी असतात. शहरात प्रभागाचे नगरसेवक. गावात ग्रामपंचायत सदस्य, सरपंच, पंचायत समिती सदस्य, जिल्हा परिषद सदस्य. त्यावर विधानसभेचे आमदार आणि लोकसभेचे खासदार. महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ आणि लोकसभेचे ४८ मतदारसंघ आहेत, म्हणजे एका खासदाराच्या वाट्याला सहा विधानसभा मतदारसंघ येतात. तुमचा विधानसभा मतदारसंघ कोणता ते मतदार ओळखपत्राच्या मागच्या बाजूला क्रमांकासह छापलेलं असतं.

बरेच जण विधान परिषदेला विसरतात. तिच्या ७८ सदस्यांपैकी सात पदवीधर मतदारसंघांतून आणि सात शिक्षक मतदारसंघांतून निवडून येतात. शाळा, शिक्षक, संचमान्यता (शाळेला मंजूर होणारी शिक्षकांची पदं), वेतन असे विषय असतील तर शिक्षक आमदारांचं कार्यालय ते पटकन समजून घेतं, कारण त्यांचं रोजचं कामच ते आहे.

आता प्रश्न कुणाच्या अखत्यारीत येतो ते पाहा. ढोबळ विभागणी अशी: रेल्वे, टपाल, राष्ट्रीय महामार्ग, पासपोर्ट, भविष्य निर्वाह निधी हे केंद्राचे विषय, त्यासाठी खासदार. पोलीस, सरकारी दवाखाने, शेती, सिंचन, महसूल, एसटी हे राज्याचे, त्यासाठी आमदार. गल्लीतला कचरा, गटार, दिवाबत्ती, नळाचं पाणी हे नगरपालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं काम, म्हणून आधी नगरसेवक किंवा सरपंच. निवडणूक रखडल्यामुळे तिथे प्रशासक बसलेला असेल तर थेट आयुक्तांना, मुख्याधिकाऱ्यांना किंवा गटविकास अधिकाऱ्यांना लिहा आणि आमदारांना प्रत द्या.

रस्त्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून इथे थोडं थांबतो. "आमचा रस्ता खराब आहे" एवढं लिहिलं तर कार्यालयाला पहिला प्रश्न पडतो की हा रस्ता कुणाचा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. राष्ट्रीय महामार्गाची यंत्रणा वेगळी. म्हणजे खड्डा तोच, पण पत्र जाणारी कार्यालयं तीन, आणि चुकीच्या कार्यालयात गेलेलं पत्र "सदर रस्ता या विभागाच्या अखत्यारीत येत नाही" एवढ्या एका ओळीवर परत येतं. त्यात महिना-दीड महिना जातो. पत्र लिहिण्याआधी ग्रामसेवकाला किंवा बांधकाम उपविभागातल्या शाखा अभियंत्याला विचारा: या रस्त्याचा प्रकार काय, क्रमांक काय? "प्रजिमा" (प्रमुख जिल्हा मार्ग) की "ग्रामा" (ग्रामीण मार्ग) आणि पुढे आकडा, एवढं विषयाच्या ओळीत आलं की पत्राचं वजन वाढतं.

दुसरं काम: आधी खालच्या पायरीवर अर्ज

आमदारांना लिहिण्याआधी ज्याचं ते काम आहे त्या अधिकाऱ्याकडे साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. ही पोच पुढच्या पत्राचा पाया असते. ती नसेल तर अधिकारी सहज म्हणू शकतो, "आमच्याकडे तर कुणी आलंच नव्हतं." पोच जोडलेली असली की आमदारांच्या पत्रात "अमुक तारखेला अर्ज देऊनही अद्याप कार्यवाही झालेली नाही" हे वाक्य येतं, आणि ते वाक्य अधिकाऱ्याला टाळता येत नाही.

दाखले, शिधापत्रिका, फेरफार अशा वैयक्तिक कामांसाठी तर आमदारांपर्यंत जाण्याची गरज बहुधा पडत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे आणि मुदत चुकली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. हे दरवाजे आधी वाजवा. लोकप्रतिनिधीचा वेळ अशा कामासाठी वापरा जिथे एकट्या माणसाचा अर्ज पुरत नाही.

काही गोष्टी लोकप्रतिनिधीला करताच येत नाहीत. न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणात ते हस्तक्षेप करू शकत नाहीत, सभागृहातही असा विषय मांडायला बंधन असतं. "पोलीस तपासात अमक्याचं नाव घाला किंवा काढा" अशी मागणीही करू नका. तक्रार नोंदवूनच घेत नसतील, तर मात्र जरूर लिहा.

तिसरं काम: नेमकं काय मागायचं?

माझ्या मते पत्राचा जीव इथे आहे. "लक्ष घालावे", "योग्य ती कार्यवाही व्हावी", "न्याय मिळावा" या मागण्या दिसायला नम्र आहेत, पण त्यांतून काय करायचं ते कळत नाही. लोकप्रतिनिधीच्या हातात ठरावीक साधनं असतात. त्यांपैकी कोणतं वापरायला सांगायचं ते तुम्ही ठरवा.

सगळ्यात साधं साधन म्हणजे अधिकाऱ्याला पत्र किंवा फोन. लोकप्रतिनिधींच्या पत्राला पोच आणि उत्तर द्यावं, अशा शासनाच्या सूचना आहेत, त्यामुळे त्या पत्राची नोंद ठेवावी लागते. दुसरं, बैठक: दोन विभाग एकमेकांकडे बोट दाखवत असतील (पाइपलाइनसाठी रस्ता खोदला पाणीपुरवठ्याने, बुजवायचा बांधकाम विभागाने, असं) तर दोन्ही अधिकाऱ्यांना एका टेबलावर बसवण्याची विनंती करा. अशा प्रश्नात पत्रांपेक्षा एका बैठकीने जास्त काम होतं.

तिसरं, स्थानिक विकास निधी. खासदारांना १९९३ पासून ही योजना आहे आणि सध्या वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. सहा विधानसभा मतदारसंघांत वाटून टाकले तर गावाच्या वाट्याला किती येईल याचा अंदाज बांधा आणि त्या बेताचंच काम सुचवा. आमदारांसाठीही राज्याचा स्थानिक विकास कार्यक्रम आहे. लोकप्रतिनिधी काम सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं, पैसे त्यांच्या हातात येत नाहीत. या निधीतून लोकांच्या सामायिक वापराची टिकाऊ कामं होतात. खासदार निधी वैयक्तिक लाभासाठी किंवा प्रार्थनास्थळाच्या बांधकामासाठी वापरता येत नाही. वर्गखोली, सामाजिक सभागृह, व्यायामशाळा असं काही मागत असाल तर जागा कुणाच्या मालकीची आहे ते पत्रातच सांगा आणि सातबारा किंवा नमुना ८ चा उतारा, ग्रामपंचायतीचा ठराव, ना हरकत दाखला सोबत जोडा. जागेचे कागद नाहीत म्हणून अडलेली निधीची कामं पुष्कळ असतात.

चौथं साधन सभागृह, आणि याचा वापर लोक फार कमी करून घेतात. आमदार तारांकित प्रश्न विचारू शकतात, त्यावर मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि उपप्रश्न येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्थसंकल्पाच्या वेळी कपात सूचना (खात्याच्या खर्चात कपात सुचवून त्या निमित्ताने विषय मांडणं) ही आणखी आयुधं. खासदारांकडे तारांकित आणि अतारांकित प्रश्नांबरोबर शून्य प्रहर (तातडीचे विषय मांडण्याची वेळ) आणि लोकसभेच्या नियम ३७७ खाली मतदारसंघाचा विषय मांडण्याची सोय असते. मात्र तुमचे आमदार मंत्री असतील तर ते सभागृहात प्रश्न विचारत नाहीत. तेव्हा प्रश्न तुमच्या भागातल्या विधान परिषद सदस्याकडे किंवा त्या विषयात रस असलेल्या दुसऱ्या आमदाराकडे द्या.

सभागृहात विषय मांडावा अशी तुमची इच्छा असेल तर प्रश्नाचा मसुदाच पत्रासोबत द्या. विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या यादीत प्रश्नांची एक ठरलेली घडण दिसते, ती अशी:

(१) … तालुक्यातील … प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद … पासून रिक्त आहे, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, त्यामुळे परिसरातील गावांतील रुग्णांची गैरसोय होत आहे, हेही खरे आहे काय;
(३) असल्यास, सदर पद भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

असा कागद मिळाला तर कार्यालयाचं निम्मं काम झालेलं असतं. मात्र यात लिहिलेली प्रत्येक तारीख, प्रत्येक पदाचं नाव तपासून घ्या. एक तपशील चुकला की मंत्र्यांचं उत्तर "हे खरे नाही" असं येतं आणि विषय तिथेच मिटतो.

एका पत्रात एकच मागणी. रस्ता, पाणी, शाळेची भिंत आणि स्मशानभूमीचं शेड एकाच पत्रात लिहिलंत, तर ते चार खात्यांचं काम झालं. पीएला चार पत्रं करावी लागणार आणि बहुधा एकही होणार नाही. चार विषय असतील तर चार कागद करा.

चौथं काम: कागद जमवणं

पुरावा भरमसाट नको, पण नेमका हवा. फोटो काढताना त्यात शाळेचा फलक, किलोमीटरचा दगड, विजेच्या खांबाचा क्रमांक असं काहीतरी येऊ द्या, म्हणजे जागा ओळखता येते. फोटोच्या मागे किंवा खाली तारीख लिहा. मोजता येईल ते मोजा: किती घरं, किती विद्यार्थी, किती दिवसांआड पाणी, सगळ्यात जवळचा दवाखाना किती किलोमीटरवर. "खूप त्रास होतो" यापेक्षा "आठ दिवसांआड अर्धा तास पाणी येते" हे अधिकाऱ्याला खोडता येत नाही. जे मोजलं नाही ते अंदाजाने लिहू नका.

गावाचा प्रश्न असेल तर ग्रामसभेचा ठराव जोडणं सगळ्यात उत्तम. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी बहुतेक गावांत ग्रामसभा होतात. विषयपत्रिकेत विषय आधी नोंदवा आणि ठरावाची प्रत ग्रामसेवकाच्या सही-शिक्क्याने घ्या. सह्यांचं निवेदन देणार असाल तर प्रत्येक सहीपुढे स्वच्छ अक्षरात नाव आणि गाव हवं. मोबाइल नंबर मात्र एक-दोघांचेच द्या, कारण हा कागद पुढे कुणाकुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही.

मूळ कागद कधीही देऊ नका. फक्त झेरॉक्स द्या.

पाचवं काम: पत्र लिहिणं

पत्र एका पानात बसवा. मराठीतच लिहा, अगदी खासदारांनासुद्धा. कोणत्याही गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येकाला दिला आहे. हाताने लिहिलेलं पत्रही चालतं, अक्षर वाचता आलं म्हणजे झालं.

खाली एक नमुना देतो. प्रसंग आणि आकडे समजावण्यापुरते आहेत.

दिनांक : …

प्रति,
मा. …,
सदस्य, महाराष्ट्र विधानसभा,
… विधानसभा मतदारसंघ

विषय : … ते … ही दुपारी ४.३० ची एसटी फेरी सायंकाळी ५.२० वाजता सोडण्याबाबत.

संदर्भ : १) आगार व्यवस्थापक, … यांना दि. … रोजी दिलेला अर्ज
२) ग्रामसभा ठराव क्र. …, दि. …

महोदय,

मी आपल्या मतदारसंघातील … या गावची रहिवासी आहे. माझी मुलगी … येथील माध्यमिक शाळेत नववीत शिकते.

शाळा सायंकाळी ५.०० वाजता सुटते. गावाकडे येणारी शेवटची एसटी मात्र ४.३० वाजता निघते. त्यामुळे गावातील ३४ विद्यार्थ्यांना रोज शेवटचा तास सोडून निघावे लागते किंवा साडेसहा किलोमीटर चालत यावे लागते. यांपैकी १९ मुली आहेत. त्यांच्याकडे एसटीचा मोफत पास आहे, परंतु वेळेवर गाडी नसल्याने त्याचा उपयोग होत नाही.

यासाठी नवीन गाडीची किंवा वाढीव फेरीची आवश्यकता नाही. सध्याची फेरीच ५.२० वाजता सोडल्यास प्रश्न सुटतो. शाळेच्या वेळेबाबत मुख्याध्यापकांचे पत्र सोबत जोडले आहे. आगार व्यवस्थापकांना दि. … रोजी अर्ज दिला, अद्याप उत्तर मिळालेले नाही.

तरी, सदर फेरीची वेळ बदलण्याबाबत विभाग नियंत्रक, राज्य परिवहन, … यांना आपण पत्र द्यावे व त्या पत्राची प्रत मला मिळावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही)
नाव, पूर्ण पत्ता, मोबाइल क्रमांक

सोबत : १) अर्जाची पोच २) ठरावाची प्रत ३) मुख्याध्यापकांचे पत्र

प्रत माहितीसाठी : आगार व्यवस्थापक, …

या पत्रात विषयाची ओळ इतकी पूर्ण आहे की पीएने ती जशीच्या तशी उचलली तरी चालेल. "… बाबत" असा शेवट हा दप्तरातला रिवाज आहे, तो पाळावा. विषयात "विविध समस्यांबाबत" असं कधीही लिहू नका.

मागणी विभाग नियंत्रकांकडे आहे, कारण खाली आगारात अर्ज देऊन झाला आहे. एकच पायरी वर चढलो. थेट परिवहन मंत्र्यांकडे गेलो असतो तर तो कागद मंत्रालयातून पुन्हा याच विभाग नियंत्रकांकडे "तपासून अहवाल सादर करावा" म्हणून उतरला असता.

"नवीन गाडीची आवश्यकता नाही" हे वाक्य माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं. अधिकाऱ्याचं पहिलं उत्तर काय असेल, तर "गाड्या कमी आहेत". ते उत्तर यायच्या आधीच पत्राने त्याची वाट बंद केली आहे. तुमच्या प्रश्नातही अशी एक ठरलेली नकाराची ओळ असते: निधी नाही, कर्मचारी नाहीत, जागा नाही, नियमात बसत नाही. ती कोणती ते ओळखा आणि तिचं उत्तर दोन वाक्यांत देऊन ठेवा.

शेवटी प्रतीची मागणी केली आहे, ती विसरू नका. त्या प्रतीवरचा जावक क्रमांक पुढे लागणार आहे.

संबोधनात "माननीय" पुरेसं आहे. कार्यसम्राट, विकासपुरुष, आपले लाडके अशी विशेषणं लिहून काही मिळत नाही, उलट विषयापर्यंत पोचायला उशीर होतो. "पुढच्या वेळी मत देणार नाही" ही धमकीही नको आणि "आम्ही आपलेच कार्यकर्ते" ही ओळखही नको. तुम्ही कुणाला मत दिलं याचा या पत्राशी संबंध नाही. निवडून आल्यावर ते सगळ्या मतदारसंघाचे प्रतिनिधी असतात आणि तुम्ही हक्काने लिहिता आहात. अधिकाऱ्यावर पुराव्याशिवाय भ्रष्टाचाराचा आरोपही पत्रात करू नका. राग आला असेल तर तो आकड्यांत आणि तारखांत उतरवा. "तीन अर्ज दिले, तिन्हींच्या पोच जोडल्या आहेत" हे वाचणाऱ्याला शब्दांशिवाय कळतं.

कायद्याविषयी किंवा धोरणाविषयी लिहीत असाल तर

इथे थोडा फरक पडतो. विधेयकाचं पूर्ण नाव आणि ज्या खंडाविषयी बोलायचं आहे त्याचा क्रमांक लिहा. सगळ्या विधेयकावर मत देण्यापेक्षा एका खंडाचा तुमच्या धंद्यावर, शेतीवर, आजारी आई-वडिलांवर काय परिणाम होईल ते सांगा. तुम्ही रिक्षा चालवता, नर्स आहात, द्राक्षं लावता, हे लिहा. ती माहिती सदस्यांना दुसरीकडे मिळत नाही. मग पाठिंबा द्या, विरोध करा किंवा अमुक शब्द बदला, यांपैकी एक गोष्ट स्पष्ट सांगा. इंटरनेटवरून उतरवलेला एकच मजकूर शंभर जणांनी पाठवला तर तो एका पत्राइतकाच मोजला जाण्याची शक्यता असते. आपल्या शब्दांतली पाच वाक्यं जास्त उपयोगी.

विधेयक समितीकडे गेलं असेल तर समितीकडेही लिहा. समित्या जाहिरात देऊन लोकांच्या लेखी सूचना मागवतात. २०२४ साली मांडलेलं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, तेव्हा लोकांकडून हजारो सूचना आल्या होत्या. त्यासाठी मुदत असते, वर्तमानपत्रातल्या जाहिरातींवर नजर ठेवा.

वेळ साधा

विधिमंडळाची वर्षाला साधारण तीन अधिवेशनं होतात: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी नागपूरला. प्रश्न सभागृहात यायचा असेल तर अधिवेशनाच्या तोंडावर दिलेलं पत्र उपयोगाचं नाही, बरंच आधी द्यावं लागतं. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. रस्ता, पूल, इमारत अशी मोठी कामं मार्चच्या अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत (वर्षाच्या मध्ये मंजूर होणाऱ्या जादा खर्चात) यावी लागतात, म्हणून त्यांची पत्रं दिवाळीच्या सुमारास गेलेली बरी. आचारसंहिता लागली की नवी कामं मंजूर होत नाहीत. पत्र तेव्हाही देता येतं, पण उत्तराची घाई करू नका.

पत्र पोचवणं

तीन प्रती काढा: एक कार्यालयात द्यायची, एक अधिकाऱ्याला, एक तुमच्या फाइलला. तुमच्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का नसेल तर "पत्र मिळाले" असं लिहून सही घ्या. जाणं शक्य नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. ईमेल करताना मजकूर मेलमध्येच टाइप करा आणि सही केलेल्या पत्राची पीडीएफ जोडा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणं आठवण करून देण्यापुरतं ठीक. तेवढ्यावर विसंबू नका.

उद्घाटनाला, लग्नात, मिरवणुकीत आमदारांच्या हातात पत्र कोंबू नका. ते हसून घेतात, मागच्या माणसाकडे देतात आणि हार-शालींबरोबर ते गाडीत जातं. त्याला आवक क्रमांक मिळत नाही. भेटायचंच असेल तर कार्यालयाच्या ठरलेल्या वारी जा, दोन मिनिटांत विषय सांगा आणि पत्र पीएच्या हातात द्या. पीएशी सौजन्याने वागा. तो दिवसभर दुसऱ्यांच्या अडचणी ऐकत बसलेला असतो, आणि तुमचं पत्र लिहिणार तोच आहे.

पाठपुरावा

पत्र दिल्यावर आठ-दहा दिवसांनी फोन करा आणि "आमच्या कामाचं काय झालं" असं न विचारता "आमच्या विषयाचं पत्र कुणाकडे गेलं, जावक क्रमांक आणि तारीख काय" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला "चालू आहे" असं उत्तर देता येतं, दुसऱ्याला आकडाच सांगावा लागतो. पत्र गेलेलं नसेल तर या फोनमुळे ते त्या दिवशी जातं.

जावक क्रमांक घेऊन त्या अधिकाऱ्याच्या कार्यालयात जा. तिथल्या आवक नोंदवहीत ते पत्र सापडेल आणि कोणत्या टेबलावर आहे ते कळेल. एका कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं दफ्तर दिरंगाईविरोधी अधिनियम, २००५ सांगतो. हे भांडायला नाही, शांतपणे आठवण द्यायला उपयोगी पडतं.

महिना उलटूनही हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. अर्ज त्या सरकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करायचा, आमदारांकडे नाही. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, तेवढे शब्द पुरतात: "मा. आमदार, … यांचे जावक क्र. …, दि. … च्या पत्रावर आपल्या कार्यालयाने केलेल्या कार्यवाहीच्या टिपणी व पत्रव्यवहाराच्या प्रती मिळाव्यात." अर्ज पोचल्यावर बंद पडलेल्या फाइली हलताना मी पाहिल्या आहेत.

अधिकाऱ्याचं उत्तर नकाराचं आलं, तरी ते कामाचं असतं. त्यात कारण लिहिलेलं असतं. "अंदाजपत्रक तयार आहे, निधीअभावी काम घेतलेले नाही" असं उत्तर आलं तर तुमची पुढची मागणी ठरली: आता आमदारांना दुसरं पत्र द्या, या उत्तराची प्रत जोडा आणि जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून किंवा पुरवणी मागण्यांतून तरतूद मागा. पहिलं पत्र पुन्हा पाठवू नका. उत्तरातल्या कारणावर बोट ठेवणारं नवं पत्र लिहा.

आणि काम झालं, तर आठवड्याच्या आत चार ओळींचं आभाराचं पत्र द्या. एक आमदारांना, एक त्या अधिकाऱ्याला ज्याने सही केली, कारण त्याला असं पत्र क्वचितच मिळतं. काम केव्हा झालं ती तारीख आणि आता किती जणांना उपयोग होतो ते त्यात लिहा. नवी मागणी त्या पत्रात घालू नका, तिच्यासाठी वेगळा कागद घ्या.